गेस्ट टूल्स अपडेट करायची आहेत? आधी क्रम लावा, मग इन्स्टॉलर उघडा

"टूल्स अपडेट करायला घेतली आणि मशीन नेटवर्कवरून गेलं. आता आत शिरायचं कसं?" दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी मला हे विचारतं. मशीन दर वेळी वेगळं असतं, चूक मात्र तीच. गेस्ट टूल्स म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे गेस्टच्या, आत बसवायचे ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस. त्यांना साधं ॲप्लिकेशन समजून माणूस थेट इन्स्टॉलर चालवतो. खरं तर त्या क्षणी तो मशीनचा नेटवर्क ड्रायव्हर, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि बॅकअपच्या वेळी फाइल सिस्टिम थोपवून धरणारी सर्व्हिस बदलत असतो. तेही त्याच नेटवर्कवरून आत शिरून. बसल्या फांदीवर करवत चालवायची असेल, तर एक पाय आधी दुसऱ्या फांदीवर हवा.

इथे गेस्ट टूल्स म्हणताना चार घराणी डोळ्यासमोर आहेत: व्हीएमवेअर टूल्स, व्हर्च्युअलबॉक्सची गेस्ट ॲडिशन्स, हायपर-व्हीच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेस, आणि केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवरचे व्हर्टआयओ ड्रायव्हर व क्यूईएमयू गेस्ट एजंट. नावं निराळी असली तरी अपडेटची शिस्त जवळपास सारखीच आहे. जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगतो.

## टप्पा १: काय बसलंय आणि ते कुणी बसवलंय?

व्हर्जन किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की ही टूल्स मशीनमध्ये आली कुठून. कारण ज्या वाटेने ती आली, त्याच वाटेने अपडेट करायची असतात.

व्हीएमवेअरवरच्या लिनक्स मशीनमध्ये ओपन-व्हीएम-टूल्स हे डिस्ट्रिब्युशनचंच पॅकेज असतं. व्हीस्फिअर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर अशा मशीनपुढे 'गेस्ट मॅनेज्ड' असं दिसतं. ते पाहून अनेकांना काहीतरी बिघडलंय असं वाटतं आणि ते वरून टूल्सची सीडी जोडून दुसरं इन्स्टॉलेशन करतात. तसं करू नका. 'गेस्ट मॅनेज्ड' याचा अर्थ एवढाच, की या टूल्सची देखभाल गेस्टचा पॅकेज मॅनेजर करतो.

हायपर-व्हीवर, होस्ट (ज्या सर्व्हरवर ही मशिनं चालतात तो) विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्यानंतरचा असेल, तर इंटिग्रेशन सर्व्हिसेसची सीडी शोधत बसू नका. त्या होस्टसोबत ती सीडी येतच नाही. विंडोज गेस्टला ही अपडेट्स विंडोज अपडेटमधूनच मिळतात. म्हणजे गेस्टचं विंडोज अपडेट बंद ठेवलं असेल, तर इंटिग्रेशन सर्व्हिसेसही जुन्याच राहिल्या आहेत असं समजा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्ट ॲडिशन्स दोन वाटांनी येतात: सोबतच्या सीडी इमेजमधून, नाहीतर लिनक्सच्या पॅकेजमधून. दोन्ही एकाच मशीनमध्ये असतील तर आधी एक काढा. अर्धी सर्व्हिस एका व्हर्जनची आणि अर्धी दुसऱ्याची, अशा मशीनमध्ये शेअर्ड फोल्डर का चालत नाही हे शोधताना अख्खा दिवस जातो.

प्रत्येक मशीनपुढे इतकं लिहून ठेवा: टूल्सचा प्रकार, व्हर्जन, आलेली वाट, नेटवर्क कार्डाचा प्रकार, आणि बूट डिस्क कोणत्या कंट्रोलरवर आहे. ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. बूट डिस्क पीव्हीएससीएसआय (व्हीएमवेअरचा व्हर्च्युअल डिस्क कंट्रोलर) किंवा व्हर्टआयओवर असेल, तर तिचा ड्रायव्हर टूल्ससोबत आलेला असतो. तो गेला की विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबतं.

तपासा: विंडोजमध्ये टूल्सच्या खिडकीत दिसणारं व्हर्जन आणि डिव्हाइस मॅनेजरमधलं ड्रायव्हरचं व्हर्जन, दोन्ही पाहा. टूल्स नवीन आणि नेटवर्क ड्रायव्हर जुना, असं दिसलं तर मागचं अपडेट अर्धवट राहिलेलं आहे.

## टप्पा २: परतीची वाट

या टप्प्याला वेळ द्या. बाकी टप्पे मिळून जेवढा लागेल तेवढा इथे लागला तरी हरकत नाही.

कन्सोल. हायपरव्हायजरच्या (होस्टवर ही मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कन्सोलमधून मशीन उघडून प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा. नुसती काळी खिडकी दिसणं पुरेसं नाही. मशीन डोमेनमध्ये (संस्थेच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेत) असेल तर लोकल ॲडमिनचा पासवर्ड टाकून पाहा. नेटवर्क गेल्यावर डोमेन कंट्रोलरही पोहोचेनासा होतो आणि त्या क्षणी तुमचं रोजचं खातं चालेलच याची खात्री नसते.

नेटवर्कची नोंद. आयपी ॲड्रेस, मास्क, गेटवे, डीएनएस, हाताने टाकलेले रूट. सगळं मशीनच्या बाहेर लिहून ठेवा, कारण मशीनच पोहोचेनासं झालं तर आतली टेक्स्ट फाइल कामाची नाही.

हे मी स्वतः भोगून शिकलोय. एका फाइल सर्व्हरवर रात्री रिमोट डेस्कटॉपने काम करत होतो. जुनी टूल्स 'स्वच्छ' काढावीत आणि मग नवी बसवावीत, असं ठरवलं. काढताक्षणी नेटवर्क ड्रायव्हर गेला, सेशन तुटलं. कन्सोलचे हक्क ज्याच्याकडे होते तो सकाळपर्यंत मिळाला नाही. सकाळी टूल्स बसली, पण नेटवर्क कार्ड नव्या नावाने उगवलं होतं आणि त्याला ठरलेला आयपी देता येईना. विंडोज म्हणत होतं, हा ॲड्रेस दुसऱ्या ॲडाप्टरला दिलेला आहे. तो दुसरा ॲडाप्टर कुठेच दिसत नव्हता. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली डिव्हाइस दाखवल्यावर जुनं कार्ड करड्या रंगात दिसलं. ते काढलं, तेव्हा आयपी मोकळा झाला. त्या दिवसापासून मी जुनी टूल्स आधी काढत नाही. वरूनच अपग्रेड करतो.

बॅकअप आणि स्नॅपशॉट. दोन्ही हवेत आणि दोघांचं काम वेगळं आहे. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था, पटकन मागे येण्यासाठी. बॅकअप स्नॅपशॉटच फसला तर. शक्य असेल तेव्हा मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या, म्हणजे डिस्क नीट शांत अवस्थेत मिळते. व्हीएमवेअरवर 'इंडिपेंडंट' म्हणून जोडलेल्या डिस्क स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत, ही गोष्ट आधीच पाहून ठेवा.

सावधान: डेटाबेस किंवा मेल सर्व्हरवर स्नॅपशॉटला परत जाणं म्हणजे मधल्या काळात आलेला सगळा डेटा टाकून देणं. अशा मशीनसाठी आधी लोकांचं काम थांबवा, मग स्नॅपशॉट घ्या, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत पुन्हा सुरू करू नका.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. व्हर्च्युअल हार्डवेअरमध्ये बदल झाला की ती मागितली जाऊ शकते.

## टप्पा ३: क्रम

१. आधी होस्ट, म्हणजे हायपरव्हायजर.
२. मग गेस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमची राहिलेली अपडेट्स आणि त्यानंतर एक रीस्टार्ट.
३. मग गेस्ट टूल्स आणि पुन्हा रीस्टार्ट.
४. गरज असेल तरच, सगळ्यात शेवटी व्हर्च्युअल हार्डवेअरचं, म्हणजे हायपरव्हायजर मशीनला दाखवतो त्या हार्डवेअरचं, व्हर्जन.

क्रमांक तीन आणि चार उलटे करणं ही व्हीएमवेअरवरची सगळ्यात महागडी चूक. नवं व्हर्च्युअल हार्डवेअर गेस्टला ओळखता यावं म्हणून त्याचे ड्रायव्हर आधी आत असावे लागतात. ते नसताना हार्डवेअर वर नेलं तर विंडोजला नेटवर्क कार्ड नवीनच वाटू शकतं, आणि वर सांगितलेली करड्या कार्डाची कथा पुन्हा घडते.

क्रमांक दोन लोक गाळतात. विंडोज अपडेटचा रीस्टार्ट बाकी असताना टूल्सचा इन्स्टॉलर चालवला, तर एकाच रीस्टार्टमध्ये दोघे आपापले ड्रायव्हर बदलायला बघतात. पुढे काही बिघडलं तर दोष कुणाचा, हे कळायला मार्ग राहत नाही. लिनक्सवरही तेच: आधी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), रीस्टार्ट, मग टूल्स.

नवं व्हर्जन आलं त्याच दिवशी सगळीकडे टाकायचं का? माझं उत्तर नाही. २०१८ मध्ये व्हीएमवेअर टूल्सचं १०.३.० हे व्हर्जन कंपनीला मागे घ्यावं लागलं होतं. त्यातल्या व्हीएमएक्सनेट३ या नेटवर्क ड्रायव्हरमुळे ईएसएक्सआय ६.५ या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरचा अख्खा होस्ट जांभळ्या स्क्रीनवर कोसळू शकत होता. गेस्टमधल्या एका ड्रायव्हरने होस्ट खाली येतो, म्हणजे त्यावरची बाकीची मशिनंही जातात. पण म्हणून वर्षानुवर्षं जुनी टूल्स ठेवणंही परवडत नाही. मार्च २०२५ मध्ये विंडोजवरच्या व्हीएमवेअर टूल्समधली एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे गेस्टमधला साधा युजरही त्या मशीनमध्ये वरच्या हक्कांची कामं करू शकत होता. ती १२.५.१ मध्ये दुरुस्त झाली. तेव्हा सुरक्षेचं अपडेट असेल तर तुकड्या करून पण लवकर. नुसत्या सुधारणा असतील तर थोडं थांबून.

तुकडी पाडताना पहिलं मशीन बिनमहत्त्वाचं, पण खऱ्या मशिनांसारखंच निवडा: तोच कंट्रोलर, तेच नेटवर्क कार्ड, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. त्यानंतर दोन-तीन. मग रात्रीचा एक बॅकअप जाऊ द्या. तो नीट झाला तर बाकीची. क्लस्टरमधली मशिनं एका वेळी एकच, आणि आधी त्यावरचं काम दुसऱ्या नोडवर हलवून.

## टप्पा ४: विंडोज गेस्ट

१. कन्सोलमधून लॉगिन करा. रिमोट डेस्कटॉपवरून नाही.
२. चालू ॲप्लिकेशन आणि त्यांच्या सर्व्हिसेस नीट बंद करा.
३. जुन्या टूल्सवरूनच नवा इन्स्टॉलर चालवा.
४. रीस्टार्ट आपोआप होऊ देऊ नका. तो तुमच्या हाताने करा.
५. टूल्सची सीडी काढून टाका.

व्हीएमवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये 'टिपिकल', 'कंप्लीट' आणि 'कस्टम' असे पर्याय येतात. कंप्लीट म्हणजे चांगलं, असं वाटून अनेकजण तोच निवडतात. त्यात फाइल आणि नेटवर्कच्या तपासणीसाठीचे जास्तीचे ड्रायव्हर बसतात. त्यांचा वापर करणारी सुरक्षा यंत्रणा तुमच्याकडे नसेल तर त्यांचं मशीनमध्ये काहीच काम नाही. उलट ते प्रत्येक फाइल उघडण्याच्या वाटेत बसतात. टिपिकल पुरेसं आहे.

केव्हीएमवर व्हर्टआयओच्या सीडीतला एकत्र इन्स्टॉलर ड्रायव्हर आणि एजंट दोन्ही बसवतो. डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक ड्रायव्हर बदलत बसलात तर हमखास एखादा राहतो, आणि बहुतेक वेळा तो बलूनचा (होस्टला मेमरी परत देणारा) किंवा सीरियलचा असतो. सीरियल ड्रायव्हर नसेल तर एजंट चालू दिसतो, पण होस्टशी बोलत नाही.

प्रॉक्समॉक्सवर मशीनच्या पर्यायांमध्ये गेस्ट एजंट चालू केला असेल, तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. विंडोजच्या आतून केलेल्या रीस्टार्टने होस्टवरची प्रोसेस तीच राहते आणि एजंटसाठीचं व्हर्च्युअल उपकरण मशीनला जोडलंच जात नाही. "एजंट बसवलाय तरी दिसत नाही" या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच विचारतो.

सावधान: व्हीएमवेअरमध्ये 'प्रत्येक वेळी सुरू होताना टूल्स तपासा आणि अपग्रेड करा' असा पर्याय आहे. सोयीचा वाटतो, पण महत्त्वाच्या मशिनांवर मी तो ठेवत नाही. एखादा होस्ट अचानक पडला की त्यावरची सगळी मशिनं दुसरीकडे एकदम सुरू होतात. नेमक्या त्याच घाईच्या वेळी सगळीकडे ड्रायव्हर बदलायला लागतात.

## टप्पा ५: लिनक्स गेस्ट

इथला मोठा गैरसमज आधी दूर करू. ओपन-व्हीएम-टूल्स अपडेट केलं म्हणजे नेटवर्क ड्रायव्हर अपडेट झाला, असं होत नाही. व्हीएमएक्सनेट३, पीव्हीएससीएसआय, व्हर्टआयओ आणि हायपर-व्हीचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत. पॅकेजमधून येतात त्या वरच्या सर्व्हिसेस: शटडाउनची आज्ञा ऐकणारी, आयपी होस्टला कळवणारी, बॅकअपच्या वेळी फाइल सिस्टिम थोपवणारी. म्हणून ड्रायव्हर नवा हवा असेल तर कर्नल अपडेट करा आणि नव्या कर्नलमध्ये रीस्टार्ट करा. सर्व्हिस नवी हवी असेल तर पॅकेज अपडेट करा आणि ती सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

जुन्या काळी सीडीतल्या टार फाइलमधून बसवलेली व्हीएमवेअर टूल्स अजून काही मशिनांत सापडतात. इथे मात्र आधी काढावं लागतं: त्यांच्यासोबत आलेली अनइन्स्टॉलची स्क्रिप्ट चालवा, रीस्टार्ट करा, मग पॅकेज बसवा. विंडोजसाठी सांगितलेला नियम इथे उलटा होतो, कारण ड्रायव्हर कर्नलमध्ये असल्यामुळे टूल्स काढली तरी नेटवर्क राहतं. तरीही कर्नल फार जुना असेल तर ड्रायव्हर त्यात आहेत ना, हे मॉडइन्फो कमांडने आधी पाहा.

व्हर्च्युअलबॉक्सची तऱ्हा वेगळी. सीडीतल्या गेस्ट ॲडिशन्स आपले कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचे ड्रायव्हर) त्या मशीनमध्येच तयार करतात. त्यासाठी जीसीसी, मेक ही कंपाइल करायची साधनं आणि चालू कर्नलचे हेडर (मॉड्यूल तयार करताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) लागतात. हेडरचं व्हर्जन चालू कर्नलशी अक्षरशः जुळलं पाहिजे. नेहमीची चूक अशी: एकाच दमात कर्नल आणि हेडर अपडेट करतात, रीस्टार्ट न करता ॲडिशन्स चालवतात. चालू कर्नल जुना, हेडर नवे, मॉड्यूल तयार होत नाही. इन्स्टॉलरची तक्रार स्क्रीनवरून सरकून जाते आणि रीस्टार्टनंतर शेअर्ड फोल्डर रिकामा दिसतो. अशा वेळी व्हीबॉक्सॲड-सेटअप नावाचा लॉग उघडा. कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

फोल्डर दिसतोय पण 'परवानगी नाही' म्हणतोय, तर ॲडिशन्सचा दोष नाही. तो युजर व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये नाही. त्याला ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल तयार होऊनही लोड होत नाही, कारण त्यावर सही नसते. आधी सहीची की मशीनमध्ये नोंदवा. घाईत सिक्युअर बूटच बंद करून टाकू नका.

तपासा: व्हर्च्युअलबॉक्स होस्टचं व्हर्जन आणि ॲडिशन्सचं व्हर्जन एकच आहे ना? होस्ट अपडेट केला की ॲडिशन्सही त्याच बैठकीत करा.

## टप्पा ६: रीस्टार्टनंतर

लॉगिन झालं, म्हणजे झालं, असं धरू नका. मी या गोष्टी याच क्रमाने पाहतो.

आयपी, गेटवे आणि डीएनएस लिहून ठेवल्याप्रमाणे आहेत का? सगळ्या डिस्क आणि त्यांची अक्षरं जागेवर आहेत का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे आहे का? हायपरव्हायजरच्या स्क्रीनवर मशीनचा आयपी आणि टूल्सची स्थिती दिसते का? तिथूनच शटडाउनची आज्ञा दिली तर मशीन नीट बंद होतं का?

मग बॅकअप. टूल्सची थोपवणारी सर्व्हिस बिघडली असेल तर ते दिवसा कळत नाही, रात्री बॅकअप पडतो तेव्हा कळतं. म्हणून रात्रीची वाट न पाहता लगेच एक बॅकअप हाताने चालवा. विंडोजवर व्हीएसएस रायटरची (बॅकअपसाठी ॲप्लिकेशनचा डेटा तयार ठेवणाऱ्या घटकांची) यादी काढून प्रत्येकापुढे 'स्टेबल' आणि 'नो एरर' आहे का ते पाहा. केव्हीएमवर बॅकअपच्या लॉगमध्ये फाइल सिस्टिम गोठवल्याची आणि पुन्हा मोकळी केल्याची, अशा दोन्ही ओळी दिसल्या पाहिजेत. पहिली दिसते आणि दुसरी नाही, तर ते मशीन अडकलेलं असू शकतं. ताबडतोब बघा.

घड्याळही तपासा. मशीनने वेळ एकाच ठिकाणाहून घ्यावी. होस्टकडूनही आणि डोमेन किंवा एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारी सेवा) यांच्याकडूनही, असं झालं की घड्याळ मागेपुढे होत राहतं आणि लॉगिन फसू लागतात. हायपर-व्हीवरच्या विंडोज मशीनला वेळेचा स्रोत विचारल्यावर 'व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर' असं उत्तर आलं, तर ते वेळ होस्टकडून घेतंय. डोमेनमधल्या मशीनला ते नको असेल तर इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली टाइम सिंकची खूण काढा.

## टप्पा ७: व्हर्च्युअल हार्डवेअर

नवं वैशिष्ट्य खरोखर हवं असेल तरच वर न्या. खाली आणण्याचा सरळ मार्ग नाही, परतीची वाट म्हणजे आधी घेतलेला स्नॅपशॉट. मशीन पूर्ण बंद करा, व्हर्जन वाढवा, सुरू करा आणि टप्पा ६ पुन्हा पहिल्यापासून करा. टूल्स आणि हार्डवेअर एकाच रात्री केलंत तर मधली तपासणी गाळू नका.

## टप्पा ८: टेम्प्लेट आणि मागची आवराआवर

सगळी मशिनं अपडेट होतात आणि टेम्प्लेट तसंच राहतं. पुढच्या आठवड्यात त्यातून दहा मशिनं निघतात, दहाही जुन्या टूल्ससह. म्हणून टेम्प्लेटला यादीत पहिल्या तुकडीतच घाला. त्याचं मशीन करून सुरू करा, अपडेट करा, तपासा, पुन्हा टेम्प्लेट करा, आणि त्यातून एक मशीन काढून बघा.

जोडलेली सीडी राहिली आहे का ते पाहा. व्हीएमवेअरवर टूल्सची सीडी जोडलेली राहिली की मशीन दुसऱ्या होस्टवर हलत नाही आणि होस्ट देखभालीत जाताना मध्येच अडकतो.

शेवटी स्नॅपशॉट. व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. त्याची फाइल वाढत राहते, स्टोरेज भरलं की मशीन थांबतं, आणि मोठा झालेला स्नॅपशॉट मिटवताना डिस्कवर ताण येतो. बॅकअप एकदा नीट झाला आणि लोकांनी कामाचा एक पूर्ण दिवस त्या मशीनवर काढला, की तो मिटवा. स्नॅपशॉट घेतानाच त्याच्या नावात मिटवायची तारीख लिहा आणि त्याच तारखेची आठवण आपल्या कॅलेंडरमध्ये लावा.